दुर्बिणीनंतरचे रक्त



आज आपण सोलापूरच्या भवानी पेठेत जमलो आहोत. कुणाचे घर मागावर चालते, कुणाचे विड्यांवर. एक दिवस खाडा झाला की मजुरी बुडते. म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. त्यातून अंगावरून जाते, हे तर ती कुणाला सांगतच नाही. आज आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत. पुरुषांनीही बसावे. रात्री गाडी बघायला तुम्हीच धावता ना?

पाळीत फार रक्त जाते, थांबता थांबत नाही, तेव्हा कधी गर्भपिशवीत गाठ असते. काही गाठी आता दुर्बिणीने काढता येतात. बारीक नळी खालच्या वाटेने पिशवीत घालतात. पाणी सोडून पिशवी फुगवतात, म्हणजे आतले दिसते. पोटावर टाका नाही. पिशवी जागेवर राहते. हे मुद्दाम सांगतो. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली! अंगावरून जाते म्हणून लगेच पिशवीच काढायची, असं नसतं.

गाठ काढली की आतली जागा ओली राहते. थोडे रक्त जाणारच. आधी पाळीसारखे, मग नुसते डाग. दोन आठवड्यांपर्यंत असे चालते. त्याला घाबरू नये. घडी मात्र धुतलेली, उन्हात वाळलेली घ्यावी.

मग फार कशाला म्हणायचे? घड्या मोजा. तासात एक घडी पुरी भिजली, पुढच्या तासात दुसरी भिजली, मोठ्या गुठळ्या पडल्या, चक्कर आली, ताप आला, घाण वास आला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबर फिरवा. गाडीला पैसे पडत नाहीत.

एका बाईने भिजलेली फडकी पेटीमागे लपवली. सासूला कळू नये म्हणून! पहाटे ती चक्कर येऊन पडली. दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवीत रबरी फुगा घालून पाण्याने फुगवला. आतून दाब बसला, रक्त थांबले. दुसऱ्या दिवशी फुगा काढला. रक्ताची बाटली द्यावी लागली ती वेगळीच. सासू उशाशी बसून म्हणत होती, "अगं, मला सांगायचंस की."

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगा. मनाने बंद करू नका.

आता विचारा. चारचौघांत नको वाटेल, तर आमच्या बाई आतल्या खोलीत बसल्या आहेत.