लहान यंत्र आणि थंड पाणी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील उद्योगविषयक बैठकीत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिष्यवृत्त्या, वसतिगृहाचा निधी, वधूवरसूची आणि लग्नकार्यांतील वाढता खर्च या विषयांचा ऊहापोह होत असतो, आणि तो व्हावयासच हवा. यंदा मात्र चालकांनी आमच्याकडे एका लहानशा यंत्राविषयी बोलण्याची कामगिरी सोपविली आहे. विषय रुक्ष आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि आपल्या ज्ञातीतील काही तरुणांनी घरचे दागिने गहाण टाकून वा पतपेढीचे कर्ज काढून ही यंत्रे घेतली आहेत. त्यांपैकी काही यंत्रे वर्षाच्या आत निकामी होऊन पडवीत पडली आहेत, आणि त्या घरांतील मंडळी आज समोर बसली आहेत. तेव्हा हा विषय केवळ कारखान्याचा नसून घरचाही आहे.

हे यंत्र म्हणजे उच्च दाबाचा छोटा एअर कॉम्प्रेसर. पंक्चरवाल्याकडे असतो तो नव्हे. त्याची हवा आठ-दहा बारांची; हे यंत्र हवा ३०० बारांपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारे तीनशे पटींपर्यंत दाबते. १० मीटर एअर रायफलच्या नेमबाजांना अशा हवेची छोटी नळकांडी लागतात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे याच प्रकारात जगज्जेता झाला, तेव्हापासून आमच्याकडे नेमबाजीची चौकशी करणारे पालक वाढले आहेत. इकडे मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाण्याखाली बुडी मारून समुद्रतळ दाखविण्याचा व्यवसाय उभा राहिला आहे. तेथे श्वासाच्या हवेचे सिलिंडर रोज भरावे लागतात. धंदा खरा आहे, मागणी खरी आहे. अडते ते उष्णतेपाशी.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते, हे येथील प्रत्येकाने अनुभविले आहे. हवा दाबली की ती तापते; यात घर्षणाचा वाटा अल्प, दाबण्याच्या श्रमाचाच मोठा. आता २७ अंश तपमानाची हवा एका दमात ३०० बारांपर्यंत दाबली आणि उष्णता कोठेही निसटू दिली नाही, तर गणिताने ती सुमारे १२५० अंशांवर जाते. एवढ्या आचेवर बीड वितळते. म्हणूनच दाबण्याचे काम पायऱ्यांनी करतात आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये हवा निववितात. चार पायऱ्या केल्या आणि प्रत्येक वेळी हवा पूर्ण निवविली, तर तेच तपमान १८० अंशांच्या आसपास राहते. आपल्या मुलांनी घेतलेली स्वस्त यंत्रे मात्र दोनच पायऱ्यांची असतात, आणि तेथे हिशेब ४०० अंशांच्या वर जातो. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती काही उष्णता शोषून घेतात, म्हणून आकडा खाली येतो. पण किती खाली यावयाचा, हे त्या भिंतींमागे खेळणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. दोन पायऱ्यांच्या यंत्रात पहिल्या दट्ट्यातून निघालेल्या हवेत जी उष्णता शिल्लक राहते, ती दुसऱ्या दट्ट्यात वाढून बाहेर येते. गणिताने प्रत्येक १ अंशाचे सव्वादोन अंश होतात. सावकाराचे व्याजही इतक्या वेगाने चढत नाही! म्हणून या दोन सिलिंडरांमधली नळी थंड राखणे, हे दुसऱ्या सिलिंडरवर कितीही पाणी ओतण्यापेक्षा अधिक फलदायी होय. ही नळी उघड्यावर असेल, तर निदान पंख्याचा झोत तिच्यावर सतत राहील अशी मांडणी करावी.

आता पाण्याचा हिशेब. या यंत्रांची मोटर साधारणतः १८०० वॅटची असते. त्यांपैकी १५०० वॅट अखेर उष्णता होऊन पाण्यात उतरतात असे धरू. म्हणजे मिनिटाला ९० किलोजूल. यंत्राबरोबर एक लहान पंप मिळतो. तो बादलीत सोडावा व पाणी खेळते ठेवावे अशी सूचना असते. २० लिटरची बादली घेतली, तर तिचे पाणी दर मिनिटाला एक अंशाहून किंचित अधिक तापते. सकाळी २८ अंशांचे पाणी अर्ध्या तासात ६० अंशांच्या घरात! मग मुले धावतात बर्फाकडे. ५ किलो बर्फ वितळताना जी उष्णता घेतो, ती या यंत्राची अवघी साडेअठरा मिनिटांची कमाई. शिवाय बर्फाचे पाणी पहिल्या सिलिंडरला फार गार करते, तेव्हा हवेतील दमटपणा आतल्या आतच पाणी होऊन तेलाचा थर धुऊन नेतो आणि दट्ट्याच्या रिंगा कोरड्या घासतात. जॅकेटमध्ये शिरणारे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा पाच-सात अंश कोमट असणेच बरे, असा मोठ्या यंत्रांचा जुना दंडक आहे.

बादलीऐवजी २०० लिटरचे पिंप ठेवा. तासभर यंत्र चालले तरी पाणी सहा-साडेसहा अंशांच्या वर तापणार नाही. खर्च एका पिंपाचा. इतका साधा उपाय सांगण्यासाठी भाषण कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्यांची यंत्रे बिघडली, त्यांतील अनेकांकडे आम्ही बादलीच पाहिली आहे.

पिंप मोठे असूनही यंत्र तापत असेल, तर दोष प्रवाहात शोधावा. मिनिटाला ४ लिटर पाणी जॅकेटमधून गेले, तर शिरणाऱ्या व निघणाऱ्या पाण्यात सुमारे साडेपाच अंशांचा फरक पडतो. तेच पाणी अर्धा लिटर गेले तर फरक ४० अंशांच्या वर जातो आणि आत कोपऱ्याकोपऱ्यांत वाफेचे बुडबुडे धरतात. प्रवाह मोजण्यास उपकरण नको. परतीची नळी एक लिटरच्या मापात धरावी आणि घड्याळ पाहावे. नळी कोठे मुडपली आहे काय, पंपाची जाळी शेवाळाने बुजली आहे काय, पंप पिंपाच्या तळाशी आणि यंत्र उंच टेबलावर असल्याने पाणी चढतच नाही काय, हे पाहिले की बहुधा कारण सापडते. पाणी खालून आत व वरून बाहेर हेच वळण ठेवावे, म्हणजे जॅकेटमध्ये हवा कोंडत नाही. परतीची धार डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल अशी पिंपात वरून पडू द्यावी. धार थांबली की यंत्र थांबवावे. पंप पाण्यात आणि माणूस अनवाणी, अशी स्थिती असल्याने विजेच्या जोडणीवर गळती ओळखून प्रवाह तोडणारे सर्किट ब्रेकर असलेच पाहिजे. याबाबत काटकसर नको.

आमच्या भगिनींना बंबाच्या आत बसणारा पांढरा थर ठाऊक आहे. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी वापरल्यास तोच थर यंत्राच्या जॅकेटमध्ये बसतो, फक्त तो दिसत नाही. उष्णता वाहून नेण्यात हा थर बिडाच्या मानाने वीसपटींहून अधिक मंद आहे. एक मिलिमीटर थर म्हणजे भिंत बोटभर जाड केल्यासारखेच. म्हणून एकदाच पावसाचे गाळलेले किंवा क्षार काढलेले पाणी पिंपात भरावे आणि तेच फिरवीत राहावे. मोटारीच्या रेडिएटरमधले गंजरोधक द्रव्य त्यात घालतात, तेही योग्यच. मात्र त्यांपैकी पुष्कळ द्रव्ये विषारी असून चवीला गोड असतात, तेव्हा पिंपाला झाकण हवे आणि गुरेवासरे व लहान मुले त्यापासून दूर हवीत.

ज्यांना दिवसभर काम आहे, त्यांना पिंपही पुरणार नाही. त्यांच्यासाठी आपल्या आजोबांनी वापरलेली युक्ती सांगतो. उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडीत, त्यामागील तत्त्व माठाचेच. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेते, तेवढी न्यावयास सात किलोंहून अधिक बर्फ लागेल. यंत्राची सारी उष्णता अशी घालवावयाची म्हटली, तर तासाला सव्वादोन लिटर पाणी उडाले की काम झाले. परतीचे पाणी घरातल्या जुन्या डेझर्ट कूलरच्या ताट्यांवरून पाझरत पिंपात आणले, तर सोलापूर, जळगाव किंवा नागपूरकडे एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी बाहेरच्या हवेहूनही गार राहते, मग त्याचा प्रवाह थोडा आवरून ते कोमट ठेवावे लागते! पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून अशा मांडणीत अधूनमधून पाणी बदलणे आले, आणि गंजरोधक द्रव्य तीत घालू नये. कोकणात मात्र हवाच भिजलेली असते, तेथे हा प्रयोग फारसा साधत नाही. तेथे मोटारीचा रेडिएटर आणि पंखा बरा; तो पाणी बाहेरच्या हवेइतके गार करू शकणार नाही, पण जवळपास नेईल.

कोकणाचा उल्लेख आला म्हणून, ज्या मुलांना बुडी मारणाऱ्यांचे सिलिंडर भरावयाचे आहेत, त्यांच्याशी आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे. ३० अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारांपर्यंत भरला, तर त्यात २.४ घनमीटर हवा दाबली जाते. तिच्याबरोबर आलेले पाणी ५५ ते ६० ग्रॅम, म्हणजे अर्धा कप चहाइतके. हवा निवली तरच हे पाणी विभाजकाच्या भांड्यात गळते व तेथून सोडून देता येते. तापलेल्या हवेत ते वाफ होऊन पुढे जाते, गाळणीची द्रव्ये भिजवून निकामी करते आणि सिलिंडर आतून गंजविते. याहून वाईट म्हणजे अति तापलेले तेल जळू लागते, झडपांवर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळतो. श्वासाच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाखांत ५ भागांपलीकडे जाऊ नये, असे युरोपचे २०१४ चे मानक सांगते. समुद्रात १० मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि विषाचा परिणामही त्याच प्रमाणात वाढतो. त्याला ना रंग, ना वास.

दोन पायऱ्यांचे, बादलीवर चालणारे यंत्र नेमबाजीच्या नळकांड्यांसाठी आहे. त्याची जलव्यवस्था कितीही सुधारली तरी त्याने माणसाच्या श्वासाची हवा भरू नये, असे आमचे ठाम मत आहे. त्यासाठी अधिक पायऱ्यांचे, श्वसनयोग्य गाळण्यांचे, हवा तपासून घेतलेले यंत्रच हवे. ते कित्येक पटींनी महाग आहे. दोन-तीन घरांनी मिळून घेतले तर जमेल. आणि मंडळाच्या निधीतून अशा भागीदारीस बिनव्याजी उचल देता येईल काय, याचा विचार कार्यकारिणीने करावा, अशी आमची विनंती आहे. सिलिंडर भरण्याच्या धंद्यास २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांचे बंधन आहे, आणि त्या खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. आधी परवान्याची चौकशी, मग यंत्राची खरेदी, हा क्रम राखावा. मुलगा घाईत असेल, तर निदान वडिलांनी तरी त्याला अडवावे.

यंत्र बंद करण्यापूर्वी गाळ सोडण्याच्या झडपा उघडून दाब उतरवावा आणि नंतरही दोन-तीन मिनिटे पाणी फिरू द्यावे. तपमान, पाणी बदलल्याची तारीख आणि चाललेले तास एका वहीत लिहावे. आज सभागृहाच्या मागील पडवीत असे एक यंत्र २०० लिटरच्या पिंपासह मांडून ठेवले आहे. भोजनापूर्वी अर्धा तास ते चालू राहील; परतीची धार मोजण्यासाठी लिटरचे माप व घड्याळ तेथेच आहे. ज्यांच्या घरी यंत्र आहे, त्यांनी आपली वही घेऊन यावे.