थंड प्लग, गरम प्लग

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा भट्टीला हवा फुंकावी लागते, आणि ती थंड फुंकून भागत नाही. भट्टीशेजारच्या उंच स्टोव्हांमधून आधी ती चांगली तापवून घ्यावी लागते. त्याच गावातला एखादा हौशी तरुण आपल्या टर्बो मोटारीचा दाब वाढवून घेतो, तेव्हा तोही हवाच फुंकत असतो. मात्र येथे न्याय उलटा आहे. इंजिनात शिरणारी तापलेली हवा ही त्याची वैरीण होय.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने फिरणारा पंखा. हवा दाबली की ती तापते. मे महिन्यात भिलाईचा पारा पंचेचाळिसाकडे झुकलेला असताना ती दुप्पट दाबाला नेली, तर तिचे तपमान शंभर अंशांच्या पुष्कळ वर जाते. ती निवविण्यासाठी इंटरकूलर असतो. तरीही वाढलेल्या ज्वलनाची बरीच धग स्पार्क प्लगच्या टोकाला सोसावी लागते.

म्हणून अशा मोटारीसाठी प्लग निवडताना पहिला प्रश्न ठिणगीचा नसून उष्णतेचा असतो. महागड्या प्लगने मोटारीची ताकद वाढते, ही समजूत गॅरेजांतून फार पसरलेली आहे. ती खरी नव्हे. टोकाचे तपमान ४५० अंशांखाली राहिले, तर त्यावरची काजळी जळून जात नाही. ८५० च्या वर गेले, तर टोक निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगी पडण्यापूर्वीच पेट्रोल पेटते. ज्याचे आतले चिनी मातीचे नाक आखूड, तो प्लग उष्णता लवकर बाहेर टाकतो. त्याला थंड म्हणतात. लांब नाकाचा तो गरम. दाब बेताने वाढविला असेल, तर मूळच्या प्लगपेक्षा एकच पायरी थंड घ्यावी. दोन पायऱ्या उतरण्याचा मोह होतो खरा. पण तीच मोटार रोज सकाळी सुपेल्याच्या गर्दीत रांगत असते, आणि तेथे फार थंड प्लग काळवंडून बसतो.

दुकानात एक फसगत हटकून होते. एनजीके व डेन्सो ह्या जपानी प्लगांवर अंक वाढला की प्लग थंड. बॉशच्या आजच्या प्लगांवर अंक वाढला की गरम. गंमत अशी, की बॉशचीच जुनी गणना ह्याच्या उलट होती. तेव्हा केवळ ‘एक नंबर वरचा द्या’ असे सांगणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट फटीची. दाब वाढला की ठिणगीला फट ओलांडणे जड जाते, आणि भर वेगात इंजिन अडखळू लागते. ०.८ मिलिमीटरची फट ०.६ च्या आसपास आणली, की बहुधा हे अडखळणे थांबते. इरिडियमचे टोक सुईसारखे बारीक असते. त्याला कमी दाबाची वीज पुरते व ते टिकतेही पुष्कळ, परंतु फट जुळविताना त्यावर हत्यार टेकले तर ते मोडते. निकेलचा साधा प्लग लवकर झिजतो. तो वेळोवेळी बदलण्याची तयारी असेल, तर त्यातही काही उणे नाही. प्लग नीट आवळला पाहिजे, कारण उष्णता बाहेर जाते ती आट्यांतून आणि बैठकीतून.

खरी कसोटी नागपूरच्या रस्त्यावर. राजनांदगाव ओलांडून मोटार भरधाव, ओझ्याखाली चालली, की मग कोठे प्लगची परीक्षा होते. इंजिन निवल्यावर प्लग काढून पाहावा. नाक फिकट तपकिरी असेल, तर निवड बरोबर आली. ते पांढरेफटक, फोड आल्यासारखे दिसले, तर दाब तत्काळ कमी करून मिश्रण व ठिणगीची वेळ तपासून घ्यावी. ते दोष कोणताही प्लग झाकू शकत नाही. आणि त्या पांढऱ्यावर मिरीच्या पुडीसारखे बारीक चकचकीत कण दिसले, तर मोटार तेथून ओढूनच परत आणावी. ते कण पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे असतात.