आपल्या आडनावांतली अरबी
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



दोह्यात मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की नावानंतरचा प्रश्न ठरलेला, "आडनाव काय?" जे तोंडावर विचारता येत नाही, ते बरेच जण त्या उत्तरावरून काढून घेतात. म्हणून आज आडनावांचीच थोडी उलटतपासणी करू या.

दर महिन्याला आपण घरी पैसे पाठवायला जातो, त्या दुकानाच्या पाटीवर अरबीत 'सिराफा' असं लिहिलेलं असतं. एटीएमला इथे 'सर्राफ आली' म्हणतात. (हे 'आली' म्हणजे स्वयंचलित, कुणी बाई आलेली नाही!) हेच आपले सराफ. मोठ्या कंपन्यांच्या पाट्यांवर 'मजमूआ' दिसतं, म्हणजे समूह. हिशेबाची एकत्र बेरीज सांभाळणारा तो मजमूदार, आपला मुजुमदार. 'फर्द' म्हणजे सुटा कागद, तो लिहिणारा फडणवीस. 'वाकिआ' म्हणजे घडलेली गोष्ट, तिची नोंद ठेवणारा वाकनीस. यातलं 'नवीस' मात्र फारसी, म्हणजे लिहिणारा. चिटणीस, पारसनीस त्याच पठडीतले.

हे शब्द सुलतानांच्या दफ्तरांतून आपल्याकडे आले. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी मुजुमदाराला अमात्य आणि वाकनीसाला मंत्री अशी संस्कृत नावं दिली. राज्यव्यवहारकोशही करवून घेतला. दरबारातली पदं बदलली, पण घरांना चिकटलेली नावं काही निघाली नाहीत.

आणि ती चिकटायची कशी? नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू. आज ते किती जणांना ठाऊक असतं? काम हेच नाव झालं.

कुलकर्णी, पाटील यांचंही तेच. जवळपास गावोगाव एकेक वतन, त्यामुळे ही आडनावं महाराष्ट्रभर आणि पार उत्तर कर्नाटकापर्यंत पसरली. कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी १९६२च्या. आडनावं राहिली. पाटील मराठा असतात, आगरी, कोळी, लिंगायत, जैन असतात, मुसलमानही असतात. तेव्हा आडनावावरून ओळखणाऱ्यांनी जरा जपून!

'कर'वाल्यांचं आडनाव म्हणजे पत्ताच. दीनानाथ मंगेशकरांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून आडनाव घेतलं. बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, आंबेडकर हे आंबडवे गावावरून आलेलं. इथेही बगदादी, यमनी, मस्कती अशी नावं भेटतात. आपला 'कर' तो त्यांचा शेवटचा 'ई'. इथल्या राजघराण्याचं नाव मात्र गावाचं नाही, पूर्वजाचं. सानी बिन मोहम्मद यांचं घराणं, म्हणून आल सानी.

या 'बिन'ला हसू नका हं. आपल्या जुन्या कागदांतही अमका बिन तमका असंच लिहीत. आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे कागद असतील तर या सुट्टीत काढून बघा.

आपली मुलं इथे वाढतायत. त्यांना आडनावाचा अर्थ विचारला तर खांदे उडवतात. म्हणून दाराशी एक वही ठेवली आहे. प्रत्येक घराने आडनाव, आधीचं वेगळं असेल तर ते, मूळ गाव, आणि पूर्वजांचं काम एवढं लिहायचं. सुनांनी माहेरचंही लिहावं. जातीसाठी रकाना आखलेला नाही. पेन वहीलाच बांधलंय.