रुग्णाची भीती आणि संगीत



माझे एक चुलते शेतकरी आहेत. वय सत्तरीच्या पुढे. रात्री-अपरात्री एकटे मळ्यात जाणारे. पण गेल्या वर्षी एका यंत्राला भ्याले. कंबरेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी एमआरआय तपासणी सांगितली होती. अरुंद बोगद्यात त्यांना निजवलं, ठणाठण आवाज सुरू झाला आणि काकांनी हातातला रबरी फुगा दाबून ‘बाहेर काढा’ अशी खूण केली. “अरे, जिवंत पुरल्यासारखं वाटलं,” एवढंच ते म्हणाले. गाडीभाडं वाया गेलं आणि दुखण्याचं मूळ कळायचं राहिलं.

आता हा आवाज कसला? या यंत्रात एक प्रबळ चुंबक असतं नि त्यात तारांची वेटोळी बसवलेली असतात. त्यांतून वीज भराभर सोडतात, थांबवतात. त्यामुळे ती थरथरतात नि ठोके ऐकू येतात. हा आवाज पुष्कळदा शंभर डेसिबलच्या वर जातो. म्हणून कान झाकावेच लागतात. यंत्र बिघडलेलं नसतं, क्ष-किरणही यात नसतात. पण हे रुग्णाला आधी सांगतो कोण? आणि घाबरून माणूस हलला, की चित्र पुसट येतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही निराळ्या ठिकाणी गेलो. तिथल्या मुलीनं सारं समजावलं नि विचारलं, “आजोबा, कोणतं गाणं लावू?”

“लाव बाई एखादा अभंग. वेळ किती लागेल?”

“पंचवीस मिनिटं. म्हणजे चार-पाच अभंग होतील बघा.”

तपासणी पुरी झाली. काका बाहेर येऊन म्हणाले, “ठोके होतेच रे, पण मी अभंग मोजत होतो.”

मला वाटतं, मर्म इथंच आहे. भीतीला शेवट दिसत नाही. ओळखीच्या गाण्याला आरंभ असतो, शेवट असतो. मन त्याचं बोट धरून चालतं.

ही कल्पना तशी जुनीच. अमेरिकेतले शल्यवैद्य इव्हान केन यांनी १९१४ साली शस्त्रक्रियेच्या खोलीत फोनोग्राफ लावल्याचं लिहून ठेवलं आहे. चुंबकाच्या खोलीत मात्र आपला मोबाईल न्यायचा नाही. तिथले हेडफोन वेगळे असतात. काहींत तर पोकळ नळीतून, हवेवाटे सूर कानी येतो.

गाण्यानं प्रत्येकाची भीती जाते असं नव्हे. काहींना डॉक्टर गुंगीचं औषधही देतात. पण आधी विचारून पाहायला काय हरकत आहे?

शिक्षकबंधूंनो, गावातलं कुणी या तपासणीला निघालं, तर त्याच्याजवळ घटकाभर बसा. आवाज कसला, वेळ किती, ते सांगा. अंगात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर डॉक्टरांना आधीच कळवायला सांगा. आणि शेवटी म्हणा, “तिथं गाण्याची सोय आहे का विचार; अन् गाणं तुझ्या आवडीचं सांग.”