स्क्रीन काळी पडली, लॅपटॉप गेला नाही

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. तेव्हापासून जुना लॅपटॉप टाकून देण्यापेक्षा त्यावर लिनक्स घालावं, असा विचार तुमच्याही घरात झाला असेल. पण लिनक्स घातलं, लॅपटॉप चालू केला आणि स्क्रीन काळी! अशा वेळी बर दुबईत आपले पाय खालिद बिन अल वलीद रस्त्यावरच्या दुकानांकडे वळतात. तिथे कुणी ‘फॉरमॅट मारू का?’ विचारलं, तर लगेच हो म्हणू नका. त्यात मुलांचे फोटोही जातील.

लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग वेगळा असतो. त्यातला जुना एक्स, अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेला. नवा वेलँड, २००८ पासूनचा. हा भाग अडला तरी खालची यंत्रणा बहुधा चालूच असते आणि फाइली जागच्या जागी असतात.

खात्री करायची? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं. अक्षरांत लॉगिन विचारलं, की समजा लॅपटॉप जिवंत आहे. आता ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स घातलं, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा आणि फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या.

मग पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करा. सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबचा मेनू आला की ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून लिहा: नोमोडसेट. अक्षरं सांगतो: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. सगळं सलग. मग एफ-१०. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल फक्त त्या वेळेपुरता असतो.

आता एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर इंटरनेट जोडा. लिनक्स मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा. मध्येच पासवर्ड ठरवायला सांगितलं, तर तो कागदावर लिहून ठेवा. पुन्हा सुरू करताना निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल’ निवडून तोच द्यावा लागतो. ती पायरी टाळली, तर ड्रायव्हर चालत नाही. इंटेल किंवा एएमडी असेल, तर ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतो. तिथे सगळे अपडेट घेऊन पाहा.

एवढं करूनही जमलं नाही, तर दुकानात जरूर जा. फोटो तोवर तुमच्या हातात असतील.