आजीलाही वाचता येईल असं पुस्तक

(चेन्नईत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींच्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीनंतर तुमच्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. एकाला मुलगी झालीय, एकीचा भाचा तीन वर्षांचा आहे आणि एकाला गावच्या विहारात लहान मुलांसाठी पुस्तकं ठेवायचीत. लहान मुलांना कोणती चित्रपुस्तकं द्यायची, हा तो प्रश्न. मला वाटलं, यादी करून ग्रुपवर टाकते. पण यादी करायला बसले तेव्हा लक्षात आलं की यादीच्या आधी काही गोष्टी बोलायला हव्यात. त्यात माझी एक चूकही आहे. म्हणून आज हाच विषय घेतला.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात लहानपणी एकाच प्रकारचं पुस्तक होतं, ते म्हणजे बालभारतीचं. तेही बऱ्याचदा मोठ्या भावंडाचं जुनं. चित्रं बघायची ती त्यातच. झोपताना आईनं मांडीवर घेऊन पुस्तक वाचून दाखवणं हे आपण फक्त सिनेमात पाहिलं, कारण आपल्या आयांना वाचताच येत नव्हतं. चित्रपुस्तक नावाची वस्तू मी पहिल्यांदा हातात घेतली ती तेविसाव्या वर्षी, एम.ए. करताना एका मैत्रिणीच्या घरी. तिच्या लहान भावाकडे असं एक अख्खं कपाट होतं. मी तिथं बसून सगळी पुस्तकं वाचली आणि घरी येताना उगाचच राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

पुढे पीएच.डी.साठी चेन्नईला आले तर कळलं की देशातल्या चित्रपुस्तकांचं एक मोठं गाव हेच आहे. तारा बुक्स १९९४ पासून इथं आहे, तूलिका १९९६ पासून. तूलिका इंग्रजीबरोबर अनेक भारतीय भाषांत पुस्तकं काढते आणि त्यात मराठीही आहे. म्हणजे आपल्या भाषेतली काही चित्रपुस्तकं या तमिळ शहरात तयार होऊन महाराष्ट्रात जातात. मला याचं फार अप्रूप वाटलं. पहिल्या फेलोशिपच्या पैशातून मी भाचीसाठी पुस्तक घेतलं.

इथंच माझी चूक झाली. मी घेतलं ते तूलिकाचंच, बाबासाहेबांच्या बालपणावरचं. सौम्या राजेंद्रन यांनी लिहिलेलं, सात्विक गडे यांची चित्रं असलेलं, २०१५ साली आलेलं. 'का?' असं विचारणाऱ्या मुलाची ती गोष्ट आहे आणि पुस्तक चांगलंच आहे. इंग्रजी होतं, म्हणून मीच मराठीत सांगत सांगत दाखवायचं ठरवलं. चेन्नईहून मुंबईला जाणाऱ्या गाडीनं सोलापूरला उतरले, घरी पोचले आणि त्याच संध्याकाळी भाचीला घेऊन बसले. ती तेव्हा चार वर्षांची होती. शाळेत पाणी मिळत नाही, हा भाग आला. ती म्हणाली, "मावशी, त्याला पाणी का नाही दिलं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या बहिणीनं पुस्तक मिटलं.

ताई मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, "मला पाचवीत कळलं. तुला त्याच्याही आधी कळलं असेल. हिला चौथ्या वर्षीच कशाला सांगतेस? चार दिवस सुखानं राहू दे की." मी एम.ए.च्या नोट्समधलं काहीतरी बोलले. मौन हेही जातीचं हत्यार असतं, वगैरे. ताई म्हणाली, "तुझं बरोबर असेल. पण लेकरू माझं आहे." पुस्तक कपाटात गेलं.

परतीच्या गाडीत मी या भांडणाचा विचार करत होते. आज मला वाटतं, आमचं दोघींचंही अर्धंच बरोबर होतं. मूल जातीबद्दल कधीतरी ऐकणारच. दुसऱ्याच्या तोंडून शिवी म्हणून ऐकण्याआधी ते घरच्यांच्या तोंडून अन्याय म्हणून ऐकावं, हे माझं बरोबर होतं. पण आयुष्यातलं पहिलंच पुस्तक अपमानाचं असू नये, हे ताईचं बरोबर होतं. सवर्ण घरातल्या मुलाचं पहिलं पुस्तक हत्तीचं, पावसाचं, आजोबांच्या चष्म्याचं असतं. मग आपल्या मुलांनी पुस्तक उघडताच थेट दुःखातच का शिरायचं? मौज हासुद्धा त्यांचा हक्क आहे. आधी पुस्तकाशी मैत्री होऊ दे. मैत्री झाली की तेच पुस्तक कठीण गोष्टही सांगू शकतं.

आता निवड कशी करायची ते सांगते. मी पुस्तक विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघते.

पहिली गोष्ट: आपल्यासारखी माणसं चित्रात आहेत का, आणि असतील तर ती काय करताहेत? मराठीत माधुरी पुरंदरेंची पुस्तकं घ्या. 'राधाचं घर'सारखं काम मराठीत फार थोड्यांनी केलंय. भाषा घरातली, चित्रं जिवंत, मुलांना खूप आवडतात. जरूर घ्या. फक्त ते घर मध्यमवर्गीय आहे, हे आपल्याला माहीत असू द्या. अशी दहा पुस्तकं वाचल्यावर मुलाला वाटायला लागतं की पुस्तकातलं घर असंच असतं आणि आपलं घर पुस्तकात येण्यासारखं नाही. म्हणून त्याच्या शेजारी दुसरं पुस्तक ठेवा. ताराचं 'फॉलोइंग माय पेंट ब्रश' ठेवा. ती दुलारी देवींची गोष्ट आहे. बिहारच्या मच्छीमार समाजातली बाई, लोकांच्या घरी धुणीभांडी करत होती, तिथंच चित्रं पाहिली आणि स्वतः चित्रकार झाली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुस्तकात त्यांनी स्वतःचंच आयुष्य चितारलंय. धुणीभांडी करणारी बाई आपल्या कितीतरी घरांत आहे, पण पुस्तकाची नायिका म्हणून ती मुलांना कुठं भेटते?

दुसरी गोष्ट: प्रश्न कोण विचारतं आणि उत्तर कोण शोधतं? महाश्वेता देवींचं 'द व्हाय-व्हाय गर्ल' मला यासाठी आवडतं. त्यातली मोयना शबर समाजातली, शेळ्या राखणारी मुलगी. बाबूंच्या शेळ्या मीच का राखायच्या, असं ती विचारते. कुणी तिची कीव करत नाही, आणि शेवटी तीच गावच्या शाळेत शिकवते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे छान कळतं. याउलट काही पुस्तकांत आपलं मूल फक्त रडायला असतं आणि डोळे पुसायला कुणीतरी चांगल्या घरचं येतं. अशी पुस्तकं सवर्ण मुलांना दया शिकवायला लिहिलेली असतात. आपल्या मुलांना त्यातून एवढंच कळतं की आपली वाट बघायची जागा कुठली.

मैला साफ करणाऱ्यांच्या मुलींवरची दोन पुस्तकं याच कसोटीवर बघा. एक 'पू', सी. जी. सॅलमँडर यांनी लिहिलेलं, समिधा गुंजाळ यांची चित्रं. तमिळमध्ये 'पू' म्हणजे फूल. चित्रांत घाणीच्या जागी फुलं काढलीत, हे बघून मी थबकले होते. दुसरं 'माय नेम इज गुलाब', सागर कोळवणकर यांचं. गुलाबला वर्गातली मुलं चिडवतात, कारण तिचे वडील गटार साफ करतात. ती रडत बसत नाही, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी यंत्र बनवते. मला गुलाब आवडते. तरी मुलांना दाखवताना मी एक वाक्य जोडते: यंत्र आणणं हे खरं तर सरकारचं काम होतं. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही माणसं गटारात मरतात, आणि ते थांबवण्याची जबाबदारी शाळेतल्या मुलीवर टाकायची नसते. ही दोन्ही पुस्तकं सात-आठ वर्षांच्या पुढे, आणि शेजारी बसून वाचायची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: घरात ज्यांना अक्षर येत नाही, त्यांना हे पुस्तक वाचता येईल का?

पुस्तकांवर सल्ला देणारे म्हणतात, आईवडिलांनी रोज मुलांना वाचून दाखवावं. हा सल्ला ज्यांच्या चार पिढ्या शिकल्या त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडे मूल दिवसभर आजीजवळ असतं आणि आजीचा अंगठा असतो. पण चित्रपुस्तक हे एकच पुस्तक असं आहे, जिथं चार वर्षांची नात आणि साठ वर्षांची आजी एका पायरीवर बसतात. दोघी चित्रच वाचतात.

मी हे घरातच पाहिलं. मी माझ्यासाठी 'भीमायन' नेलं होतं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढलेलं, नवयाननं २०११ मध्ये छापलेलं. ते मोठ्या मुलांचं आहे, पण आई ते घेऊन बसली. त्या पुस्तकात बोलणं ज्या फुग्यात लिहितात, त्याचे आकार वेगवेगळे आहेत. साधंसरळ बोलणाऱ्यांच्या शब्दांना पक्ष्याचा आकार, विखारी बोलणाऱ्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी. आईला एक अक्षर येत नाही. तिनं बोट ठेवून सांगितलं, "हा वाईट बोलतोय." मग दुसऱ्या पानावर, "ह्यो पण." भाची तिच्या खांद्यावरून बघत होती. दोघींनी मिळून पुस्तकातले सगळे विंचू मोजले.

दुसऱ्या वेळी कांचा इलैया यांचं 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' नेलं. चित्रं दुर्गाबाईंचीच. कुंभार, शेतकरी, विणकर, परीट, न्हावी, चामड्याचं काम करणारे, या सगळ्यांच्या हातात कोणतं ज्ञान आहे ते त्यात सांगितलंय. चामड्याचं पान आलं आणि आई बोलायला लागली. माझे आजोबा कातडं कमवायचे. तरवडाची साल कशी काढायची, ती कुटून पाण्यात टाकून कातडं किती दिवस ठेवायचं, वास कसा जायचा नाही, सगळं. हे तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही शिकावं, त्या वासापासून लांब जावं, म्हणून गप्प राहिली होती. तिला या कामाची लाज वाटत होती आणि ती लाज आम्हीही घेतली होती. मी तिला म्हटलं, तोच तरवड इथं तमिळनाडूत आवारम् म्हणून ओळखतात, इथंही त्याच सालीनं कातडं कमवत आले. आई म्हणाली, "मग तिथल्या लोकांनाबी येतंय म्हणायचं." माझ्या प्रबंधाला त्या संध्याकाळनं दिलं तेवढं एखाद्या सेमिनारनं दिलेलं नाही.

आता पैशाचं बोलू. ही सगळी पुस्तकं आपल्या खिशाला परवडत नाहीत. ताराची हाताने छापलेली पुस्तकं तर माझ्या फेलोशिपलाही जड जातात. पण मार्ग आहेत. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून मोबाइलवर फुकट उघडता येतं, तिथं मराठीत भरपूर गोष्टी आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात. चेन्नईत असाल तर कोट्टूरपुरमच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात जाऊन मुलांचा विभाग एकदा बघाच. २०१० मध्ये उघडलेलं हे ग्रंथालय दुसऱ्याच वर्षी हलवायची घोषणा झाली होती, लोक कोर्टात गेले म्हणून ते जागेवर राहिलं. या राज्यात १९४८ पासून ग्रंथालय कायदा आहे आणि त्यात ग्रंथालयांसाठी उपकराची सोय आहे. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, त्यात उपकर नाही. तेव्हा आपल्या वस्तीत आपणच सुरुवात करावी लागेल. विहारात, समाजमंदिरात एक लोखंडी पेटी आणि वीस पुस्तकं. चौघांनी वर्गणी काढली तर होतं. केळुस्कर गुरुजींनी विद्यार्थी भीमरावांच्या हातात एक बुद्धचरित्र ठेवलं होतं. एका पुस्तकानं काय होतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

शेवटी ताईचं सांगते. या गोष्टीला दोन वर्षं झाली. भाची आता पहिलीत आहे. मधल्या काळात तिच्याकडे पंधरा-सोळा पुस्तकं जमलीत, बहुतेक हत्ती, पाऊस, बस, असली. गेल्या महिन्यात ती शाळेतून आली आणि म्हणाली, "एक मुलगी म्हणाली, तुझ्या डब्यातलं मी खाणार नाही." ताईनं काही विचारलं नाही. रात्री मला फोन आला. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "ते पुस्तक काढलं मी कपाटातनं. दोघी बसलो. इंग्रजी मला नीट येत नाही, पण चित्रं बघून सांगितलं. तिनं परत तेच विचारलं, पाणी का नाही दिलं."

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

ताई म्हणाली, "सांगितलं की त्यांचं चुकलं होतं. आणि त्या मुलीचंही चुकलं. मग ती झोपली."

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं एक चित्रपुस्तक आणा. ते घरातल्या न शिकलेल्या माणसाला आधी दाखवा आणि ते काय म्हणाले तेवढं आम्हाला सांगा. यादी आपण त्यावरून करू.

जय भीम.