आधी किडीचे नाव सांगा
(अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने गेल्या काही वर्षांतील संशोधनाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. कीटकनाशके, जैविक नियंत्रण, प्रतिकारक्षम वाण या सर्व बाजूंनी काम पुष्कळ झाले आहे आणि परिषदेच्या निबंधसंग्रहात ते आपण वाचालच. आजचा वेळ मी एका जुन्या तक्रारीसाठी वापरणार आहे. किडीची नेमकी ओळख पटवणे हे आपल्याकडे दुय्यम, जवळजवळ कारकुनी काम ठरले आहे. माझे म्हणणे असे की, ज्या किडीची जात ठरलेली नाही तिच्यावरची शिफारस ही शिफारसच नव्हे.

उदाहरण घरचेच घेऊ. ज्वारी आणि मक्यावरचा खोडकिडा, चिलो पार्टेलस. क्रॅम्बिडी कुळातला हा गवती पतंग पंख पसरून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर भरतो. रंग वाळल्या धाटासारखा, बसताना पंख अंगालगत मिटलेले, डोक्यापुढे चोचीसारखे मुखस्पर्शक. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या चार्ल्स स्विन्होने १८८५ मध्ये या जातीचे वर्णन केले. उसावरची खोडकीड आणि कांडीकीड या तिच्याच चिलो प्रजातीतल्या बहिणी. उसावरची शेंडेकीड आणि भातावरचा पिवळा खोडकिडा हे त्याच कुळातले, पण सिर्पोफॅगा या दुसऱ्या प्रजातीतले. चिलोचे पतंग नुसत्या डोळ्यांनी वेगळे काढणे बेभरवशाचे. नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. अळ्या थोड्या सोप्या. उसाच्या खोडकिडीच्या अळीवर पाच जांभळट पट्टे, कांडीकिडीच्या अळीवर चार. ज्वारीतल्या अळीच्या अंगावर गडद ठिपके असतात; पण हीच अळी कोरड्या दिवसांत कडब्यात किंवा धसकटात सुप्तावस्थेत गेली की ठिपके पुसट होऊन ती पांढुरकी दिसू लागते. चित्रांचा तक्ता हाती घेऊन कडबा फोडणाऱ्याची फसगत होते ती इथे.

शेतकऱ्याला नावाशी काय करायचे, असा प्रश्न आपल्यापैकीच अनेक जण विचारतात. त्यांचा युक्तिवाद असा: सगळ्या अळ्या खोड पोखरतात, सगळ्यांनी पोंगा वाळतो, मग फवारणी एकच. हा युक्तिवाद अंड्यापाशीच कोसळतो. चिलोची मादी चपटी अंडी खवल्यांसारखी एकावर एक, उघडीच घालते. सिर्पोफॅगाची मादी आपल्या शेपटाकडच्या केसांनी अंडीपुंज झाकून टाकते. म्हणून उसावरच्या खोडकिडीसाठी आणि कांडीकिडीसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस या अंड्यांवरच्या परजीवी माशीची कार्डे सांगितली जातात, तर शेंडेकिडीसाठी ट्रायकोग्रामा जपोनिकमची. कार्ड चुकले तर खर्च शेतकऱ्याचा वाया जातो आणि बदनामी मात्र जैविक नियंत्रणाची होते. कामगंध सापळ्याचेही तसेच. त्यातली वडी एका जातीच्या गंधाची असते. सापळा रिकामा राहिला म्हणजे शेतात कीड नाही, असे ठरत नाही. राहिला वाळलेला पोंगा. ज्वारीत तो खोडमाशीनेही वाळतो, आणि ती तर पतंगही नव्हे. खोडमाशीचा पोंगा पहिल्या महिन्यात वाळतो, ओढला की सहज निघतो आणि त्याला कुजका वास येतो. खोडकिड्याच्या झाडावर बहुधा आधी पानांवर छिद्रांची ओळ दिसते. खोडमाशी वेळेवरच्या पेरणीने टळते; धसकटातल्या अळीसाठी मात्र धसकटे वेचून नष्ट करावी लागतात आणि कडब्याची कुट्टी करावी लागते. लक्षण एक असले, तरी रोग दोन आणि औषधेही दोन.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या देशाबाहेर आहे. आपला हा पार्टेलस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकेत पोहोचला आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेत मक्या-ज्वारीची मोठी कीड होऊन बसला. काही भागांत त्याने तिथल्या मूळच्या खोडकिड्यांना मागे सारले. पाहुणा आशियाचा आहे हे नक्की ठाऊक होते, म्हणूनच त्याचा शत्रू आशियात शोधता आला. कोटेशिया फ्लॅव्हिपेस ही चिमुकली गांधीलमाशी १९९३ मध्ये केनियाच्या किनारपट्टीत सोडली गेली आणि तिथे रुजली. पण त्याच शेतातल्या ब्युसिओला फुस्का या मूळच्या खोडकिड्यात तिने अंडी घातली, तर त्या अळीचे शरीर ती अंडी वेढून निकामी करते. शेत एक, पीक एक, दोन्ही अळ्या खोडातल्याच. तरी एकीत माशीची पिल्ले वाढतात आणि दुसरीत मरतात. तिथे कोणी दोन्ही अळ्यांना एकच नाव देऊन हिशेब मांडला असता, तर त्या प्रयोगाचे यशही कळले नसते आणि मर्यादाही.

दुसरा आक्षेप तरुण मित्रांचा: आता डीएनए बारकोड आहे, वर्गीकरणतज्ज्ञ कशाला? बारकोड उत्तम साधन आहे, त्याचे मी स्वागतच करतो. पण यंत्र आपल्या नमुन्याची तुलना साठवलेल्या क्रमाशी करते आणि त्या क्रमावर नावाची चिठ्ठी कोणीतरी माणसानेच लावलेली असते. चिठ्ठी चुकली की चूक तितक्याच आत्मविश्वासाने शंभर प्रबंधांत उतरते. ती पकडायला टाचणीवरचा पतंगच लागतो. तिसरा आक्षेप, नावे सतत बदलतात. बदलतात खरी. जुन्या भारतीय अहवालांत हाच पार्टेलस झोनेलस नावाने आढळतो. उसावरच्या किडींच्या नावांतला गोंधळ कपूर यांनी १९५० मध्ये निस्तरला, तर ब्लेशिन्स्की यांनी १९७० मध्ये जगभरातल्या चिलोची फेरतपासणी केली. ही कामे उभी राहिली ती संग्रहालयांत जपलेल्या नमुन्यांवर. ज्या अभ्यासाचा एकही नमुना मागे उरलेला नाही, त्यातली आकडेवारी उद्या कोणत्या जातीच्या खात्यावर मांडायची?

म्हणून परिषदेपुढे काही कामे ठेवतो. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. प्रत्येक कृषी महाविद्यालयात जपलेल्या नमुन्यांचा निदान एक संग्रह असावा. खोडकिड्यांची ओळख मराठीतून सांगणारी सचित्र पुस्तिका निघावी. वर्गीकरण करणाऱ्या विद्यार्थ्याला नोकरीच्या मुलाखतीत 'पुढे काय?' असे विचारणे बंद व्हावे. हे होईल तेव्हा होवो. एक गोष्ट मात्र याच अधिवेशनापासून करता येईल. किडीची जात कोणी ठरवली आणि तिचा नमुना कुठे ठेवला आहे, या दोन ओळी नसतील तो निबंध या परिषदेने स्वीकारू नये. काही निबंध परत जातील, काही मंडळी रागावतील. तो राग अध्यक्ष म्हणून मी अंगावर घ्यायला तयार आहे.